वरची चाळीस मिनिटं

विमानातून उतरून घरी आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? प्रवास कसा झाला, खायला काय दिलं, फार तर कान दुखले का. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले गुरप्पाअण्णा यातलं काहीच विचारत नाहीत. ते विचारतात, "चाक कधी सुटलं, आन चाक कधी टेकलं?"

तेही तुम्ही घरात शिरून पाणी पिईपर्यंत थांबत नाहीत. तुमचा एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर, बॅग अजून ड्रायव्हरच्या ताब्यात, आणि अण्णा कापडदुकानाची पायरी उतरून समोर उभे. कानावर निळा खडू.

"साधारण साडेआठला सुटलं असेल, अण्णा."

"साधारण घरी ठेवा. घड्याळ बघितलं का न्हाय?"

घड्याळ बघितलं नसेल तर तुम्ही अण्णांच्या लेखी विमानात बसलाच नव्हता. बघितलं असेल तर तो आकडा दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिला जाणार. दुकानाला अजून लोखंडी शटर नाही, नंबर घातलेल्या लाकडी फळ्या आहेत. रात्री त्या लावतात, दिवसा आत भिंतीला टेकवून ठेवतात. सात नंबरची फळी विमानासाठी राखीव होती.

अण्णांचा तसा कुणावरच विश्वास नाही. गॅसचा सिलिंडर आला की ते आधी ताणकाट्याला लटकवतात, मग माणसाला आत घेतात. "पाच मिनिटांत आलो" असं फोनवर कुणी म्हणालं तर ते शांतपणे विचारतात, "कुणाची पाच? तुमची का घड्याळाची?" एकदा मोडनिंबला जाताना एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी किलोमीटरचे दगड मोजले. एक कमी भरला. परत येताना पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. रस्ता रुंद करताना कुणीतरी उपटला असेल, असं मी म्हणालो, तर माझ्याकडे असं बघितलं, जणू तो दगड माझ्याच परसात पुरलेला आहे.

"मास्तर, दगड उपटला ते कळलं. उपटून नेला कुटं?"

त्यांचं एक लाडकं कानडी वाक्य आहे, "सुळ्ळु हेळबेड." खोटं बोलू नको. गिऱ्हाइकाला, नातवाला, रेडिओवरच्या हवामानवाल्या बाईला, सगळ्यांना सारखंच. पण न्यायानं सांगायचं तर स्वतःच्या मापाला माणूस चोख. कापड कधी ताणून मोजणार नाही. वर प्रत्येक मीटरमागं चार बोटं जादा सोडणार. "पाण्यात पडलं की आकसतंय. गिऱ्हाइकाला काय म्हाईत? आपल्याला म्हाईत हाय की." त्यांच्या दुकानातलं कापड शिवल्यावर आखूड झालं, अशी तक्रार पेठेत कुणी ऐकलेली नाही.

मी भूगोलाचा मास्तर. म्हणजे पृथ्वीवरचं कुठलंही अंतर मला पाठ असतं, असा पेठेचा समज आहे. तो मी बावीस वर्षं काळजीपूर्वक सांभाळला होता. गोव्याचं विमान सुरू झालं आणि एका रविवारी सकाळी अण्णा माझ्याकडे आले.

"मास्तर, हितनं गोवा हवेतनं किती?"

"चारशे किलोमीटर," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

अण्णांनी खिशातून दोरा काढला, माझ्याच भिंतीवरच्या, माझ्याच शाळेतून आणलेल्या नकाशावर सोलापूरपासून गोव्यापर्यंत ताठ धरला आणि खालच्या प्रमाणाच्या पट्टीवर ठेवला.

"तीनशे भरतंय. वरचं शंभर कुटनं आणलं?"

मी रस्त्याचं अंतर सांगितलं होतं. हे कबूल करायला मला फार वेळ लागला, कारण ते आधी मलाच कळावं लागलं.

"बरं, त्या पंख्याच्या विमानाचा वेग?"

मी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, ताशी पाचशेच्या आसपास.

"म्हंजे छत्तीस मिनिटं. आन कागदावर लिवलंय सव्वा तास." अण्णा माझ्या जवळ सरकले, आवाज खाली आणला. "वरची चाळीस मिनिटं कुटं जात्यात?"

मी म्हणालो, विमान आधी जमिनीवर फिरतं, रांगेत थांबतं, वर चढताना हळू असतं, उतरताना वळसा घेतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी बसलाय का कधी?"

"नाही."

"मग?"

त्या दिवसापासून सात नंबरची फळी भरायला लागली. आणि त्या दिवसापासून मलाही अण्णांचा संशय यायला लागला. बहात्तर वर्षांचा माणूस. सोमवारी कांदा न खाणारा, दर पौर्णिमेला अक्कलकोट रस्त्याच्या मठात जाणारा. याला गोव्यात काय काम? मी पाळत ठेवली. अण्णांनी चाकाची नवी बॅग घेतली. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन ते कुणाशी तरी कानडीत हळू बोलत आणि मी आत डोकावलो की फोन ठेवत. एकदा तर गुलबक्षी रंगाची इरकल साडी कागदात बांधताना मी पकडलं. अण्णांच्या नीलाकाकू गुलबक्षी नेसत नाहीत, हे अख्ख्या पेठेला माहीत.

मी ते फक्त आमच्या हिला, सुनंदाला सांगितलं. सुनंदानं फक्त शेजारी सांगितलं. गुरुवारपर्यंत अण्णा गोव्यात जुगार खेळतात, असं मला पानपट्टीवर कुणीतरी नव्यानं सांगितलं, आणि मी "अरे बापरे" म्हणालो.

शेवटी शेजारधर्म म्हणून मीच नीलाकाकूंकडे गेलो. त्या दारात बसून शेंगा फोडत होत्या.

"काकू, लहान तोंडी मोठा घास. पण अण्णांवर जरा लक्ष असू द्या. गोवा काही चांगला नाही."

काकूंनी शेंग फोडायची थांबवली. "कळलं का तुमाला? तितं त्यांची एक बाई हाय. मला म्हाईत हाय."

मी घाम पुसला.

"चौऱ्याहत्तरची हाय," काकू म्हणाल्या. "साखर हाय तिला. गुडघं गेल्यात. गौराक्का. त्यांची थोरली भैन. बसा, मास्तर, शेंगा खावा."

मी पायरीवर बसलो. काकूंनी सांगितलं ते असं. अक्कांच्या मालकांचं गोव्यात म्हापशाला सोलापुरी चादरींचं दुकान होतं. लग्न होऊन त्या तिकडं गेल्या, त्याला पन्नासवर वर्षं झाली. भाऊबीजेला भावाला ओवाळल्याशिवाय अक्का पाण्याचा थेंब घेत नाहीत. अण्णा दरवर्षी पाडव्याच्या रात्री बसनं निघत, सकाळी नऊ-दहाला पोचत. गेल्या वर्षी घाटात एक ट्रक आडवा झाला. अण्णा पोचले दुपारी साडेतीनला. अक्का ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. भाऊ दिसला, आणि ताटासकट खाली कोसळल्या. दोन दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी मुलाला बजावलं, सकाळची गोळी घेऊन दहाच्या पुढं यांना उपाशी ठेवायचं नाही. पुन्हा असं झालं तर मी शब्द देणार नाही.

"मग अक्कांनी खाऊन घ्यावं की."

"सांगा तुमी त्यांना. मुलगा म्हणला, यंदा मामा येऊच नका. तर त्या म्हणल्या, न्हाय आला तर रात्रीपतूर बसंन तशीच."

"मग अण्णांनी एक दिवस आधी जावं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "आदल्या दिवशी पाडवा. पाडव्याला मी ओवाळते, भाऊबीजेला ती. आमा दोघींच्या मधी एक रात्र हाय फक्त."

म्हणजे विमान. सकाळी आठला इथून निघणार, सव्वानऊला तिकडं उतरणार, दहाच्या आत घर. ते विमान आठवड्यातून काहीच दिवस जातं, पण यंदाची भाऊबीज नेमकी त्यातल्या एका दिवशी आलेली. फक्त ती सव्वानऊ खरी पाहिजे. अण्णा गल्लीतल्या प्रत्येकाला रिक्षातच का अडवत होते, ते मला तेव्हा कळलं. पानपट्टीवर जाऊन जुगाराची गोष्ट मागे घ्यावी म्हटलं, तर तिथं ती आता माझ्याहून मोठी झालेली.

प्रायश्चित्त म्हणून मी अण्णांना म्हणालो, "दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही गोव्याला जाणारच आहोत. त्याच विमानानं जातो. मी सगळं टिपून आणतो." अण्णांनी मनगटावरचं किल्लीचं घड्याळ उतरवून माझ्या हाताला बांधलं. "स्टेशनच्या घड्याळाला लावलंय. चाक सुटलं की बघायचं. चाक टेकलं की बघायचं. दार उघडलं की बघायचं. मधी काय बी करा."

मी मधलं तेवढं केलं. विमान धावायला लागलं तसे माझे डोळे आपोआप मिटले. बायकोचा हात घट्ट धरला. पुढे ढगात गेल्यावर कळलं की सुनंदा पलीकडच्या बाजूला खिडकीशी आहे आणि हात शेजारच्या सीटवरच्या एका गृहस्थांचा आहे. ते काही बोलले नाहीत, हात सोडवूनही घेतला नाही. त्यांनाही भीती वाटत असावी. आधीच्या रात्री झोप लागली नव्हती, ती तिथं लागली. जाग आली ती हवाई सुंदरीनं खांदा हलवला तेव्हा. विमान रिकामं होतं. घड्याळ माझ्या मनगटावर इमानदारीत चालू होतं.

परत आल्यावर अण्णा पायरी उतरून आले. भूगोलाचा मास्तर विमानात झोपला, असं कसं सांगणार? मी छाती काढून म्हणालो, "चाक सुटलं आठ दहा. टेकलं नऊ दोन. बावन्न मिनिटं, वीस सेकंद."

अण्णांनी कानावरचा खडू काढला. मग फळीवर लिहिलं. मला वाटलं, जिंकलो.

पण जिंकलेल्या माणसाला झोप लागते. मला लागेना. माझ्या थापेवर हा माणूस बहिणीचा जीव टांगणार. समजा खरी सत्तर मिनिटं लागत असतील? समजा उतरायला दहा वाजत असतील? दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा मी दुकानात गेलो. अण्णा दोन बायकांना झंपराचं कापड दाखवत होते. त्या जाईपर्यंत थांबलो आणि एका दमात सांगून टाकलं.

"अण्णा, मी झोपलो होतो. आकडा खोटा आहे."

"म्हाईत हाय," अण्णा ठाण गुंडाळत म्हणाले.

त्यांनी सात नंबरची फळी पुढे ओढली. माझ्या आकड्यावर आडवी रेघ होती. तीही जुनी, पुसट झालेली.

"त्याच रात्री खोडलं. सुनंदावहिनींनी खिडकीतनं व्हिडिओ घेतला हुता, आमच्या हिला दाखवायला आल्या. त्यात चाक हाय, वर येळ हाय." अण्णा थांबले. "तुमी बी हाय. तोंड उघडं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मास्तर हाय तुमी. पोरं शिकत्यात तुमच्या हाताखाली." त्यांनी फळी जागेवर लावली. "आन लई ठासून सांगितलं तुमी. ईस सेकंद! खरं बघितलेला माणूस सेकंद सांगत न्हाय हो."

सुनंदाच्या व्हिडिओप्रमाणे हवेत चोपन्न मिनिटं. दहा-बारा जमिनीवर. आणि आठ-दहा मिनिटं कंपनीनं उगाच जास्त लिहिलेली. कागदावर वेळ थोडा वाढवूनच धरतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं, असं मी घरी वाचून पाठ केलं होतं, तेही सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा त्या विमानाबद्दल आदर दिसला.

"म्हंजे आकसायचं बी धरल्यात की त्यांनी. मग बसायला हरकत न्हाय."

भाऊबीजेला साडेसहालाच मी त्यांना होटगी रोडला विमानतळावर सोडायला गेलो. धोतर, कोट, टोपी, चाकाची बॅग आणि फराळाचा मोठा डबा. मी चहा घ्या म्हणालो, तर नको म्हणाले. दाराशी पोचलो आणि फोन टुणकन वाजला. गोव्यावर ढग आहेत, पाऊस आहे, विमान साडेदहाला निघेल.

अण्णांनी वर बघितलं. सोलापूरचं आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं.

"हितं तर ऊन हाय." ते दारावरच्या जवानाकडे गेले. "साहेब, तुमी बघितलं का ढग?"

"बाबा, बादल गोवा में हैं."

"कोण म्हणतंय?"

जवान हिंदी मुलखातला, त्याला हा प्रश्न पुरता कळला नाही. आत जाऊन बसा म्हणाला. अण्णा बसेनात. विमान डोळ्यांनी दिसल्याशिवाय आत जायचं नाही, असा त्यांचा हट्ट. मी त्यांना बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं. आठ वाजले, साडेआठ, नऊ. अण्णा मध्येच बोटं मोजत आणि मध्येच थांबत. साडेदहाला सुटलं तर घरी पोचायला साडेबारा. हे मोजायला दोरा लागत नव्हता.

नऊ वीसला फोन वाजला. अक्कांची सून. तिचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "मामा, कुठं आहात? आईंचे हात थरथरायला लागलेत. साखरेचं पाणी दिलं तर ढकलून देतात. डॉक्टर येतायत, पण त्यांचंही ऐकायच्या नाहीत."

"दे तिला."

पलीकडून एक बारीक, पण चांगलाच करडा आवाज आला. "गुरू, कुटं हाइस?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जवानाकडे बघितलं, त्या निळ्या आभाळाकडे बघितलं. आणि म्हणाले,

"उतरलो की, अक्का. आत्ताच. तुझ्या गोव्यातच हाय."

मी उडालोच. तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्यानं खणखणीत सोलापुरी हाक दिली, "ए आसरा चौक, आसरा चौक!" अण्णांनी फोनवर तळवा दाबला. माझं डोकं कधी नव्हे ते चाललं. मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडलो, "साहेब, म्हापसा? टॅक्सी? म्हापसा येणार का?"

"कोण त्यो?" अक्कांनी विचारलं.

"टॅक्सीवाला."

"गोव्यातला टॅक्सीवाला सोलापूरसारखा बोलतोय व्हय? सुळ्ळु हेळबेड, गुरू."

त्या वाक्याचं माहेर मला तेव्हा कळलं.

"सोलापूरचाच हाय त्यो," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. "आपली माणसं कुटं बी असत्यात. पाऊस हाय, रस्त्याला गर्दी हाय, मला येळ लागंल. तवर तू खाऊन घे."

"ओवाळल्याबिगर?"

"भावाचा पाय भैनीच्या मुलखाला लागला की उपास सुटतो. आई म्हणायची."

"आई कवा म्हणायची?"

"तू सासरी गेल्यावर. तुला कसं म्हाईत असणार?"

पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला.

"तू खाल्लास का?" अक्कांनी विचारलं.

"व्हय की. विमानात देत्यात."

"काय दिलं?"

अण्णा अडकले. अख्ख्या पेठेला उलटतपासणीत रडवणारा माणूस, एका प्रश्नात अडकला. त्यांनी पहाटेपासून चहाचा घोटही घेतला नव्हता, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. पन्नास वर्षं दोघंही उपाशी राहत होती, अण्णा मात्र कुणाला न सांगता.

"खाल्लं न्हाइस तू," अक्का म्हणाल्या. "मला म्हाईत हाय. नीलव्वानं फराळ दिला असंल. काढ. चकली काढ. मला आवाज आला पायजे. मग मी."

अण्णांनी मांडीवर डबा घेतला. झाकण घट्ट बसलं होतं, मी उघडून दिलं. त्यांनी चकली काढली, मोबाईल तोंडाशी धरला आणि कचकन चावली. दारावरचा जवान आता आमच्याकडे रोखून बघायला लागला होता.

"आला का?"

"आला."

"आता तू. कवळी घाल आदी."

मग अण्णांनी फोन कानाला गच्च दाबला, टोपी सारखी केली आणि डोळे मिटले. रिक्षावाले ओरडत होते, कुणाची तरी गाडी मागे येत होती. मी हातानंच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. सगळे गप्प कशाला होतील? पण आसरा चौकवाला झाला, का कोण जाणे. पलीकडून काहीतरी बारीक मोडल्याचा आवाज आला. मला आल्यासारखा वाटला तरी.

अण्णा तसेच बसून होते. ओठांना चकलीचा चुरा लागलेला.

"अक्का," ते म्हणाले, "नीट ऐकू आलं न्हाय. आनखी एक खा."